माळ्यावरची समई



कलासंग्रह हा श्रीमंतांचा शौक, असे आपण म्हणतो. परंतु पुण्याचे दिनकर केळकर काही संस्थानिक नव्हते. घरचा धंदा चष्म्यांचा, ओढा कवितेचा. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या! लोक ज्या वस्तू मोडीत घालत, त्यांत यांना कारागिराचा हात दिसे. हजारो वस्तूंचा हा संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा राहिला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला.

भाव चढेल म्हणून घेतलेली वस्तू भाव पडताच ओझे होते. आवडून घेतलेली वस्तू तेवढेच सुख देत राहते. माळ्यावरची आजीची समई मोडीत घालण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा. संग्रहाचा आरंभ तेथेच, दमडीही न खर्चता होतो.