दवाखान्याचे बिल वाचायला शिका
(शाखेच्या सर्वसाधारण सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्त्याचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. पगारपत्रकातली कपात आपण रुपयारुपयाने तपासतो. पण दवाखान्याचे बिल हातात आले की घडी घालून खिशात ठेवतो. ही चूक मीही केली आहे.

काही वर्षांपूर्वी मध्यरात्री माझ्या पत्नीच्या पोटात कळा सुरू झाल्या, ताप भरला, डोळे पिवळे झाले. रेल्वेचा दवाखाना लांब. जवळच्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन झाले. पित्ताशय काढले आणि पित्तनलिका उघडून तिच्यात अडकलेले खडेही काढले. बिलावर मात्र एकच ओळ : पित्ताशय काढणे. कचेरीने त्याच ओळीचा दर लावला. बाकीची रक्कम मी सोसायटीचे कर्ज काढून भागवली.

कारकुनाशी भांडून उपयोग नव्हता. सीजीएचएसच्या दरपत्रकात प्रत्येक शस्त्रक्रियेला क्रमांक असतो आणि पैसे त्या क्रमांकावर मिळतात. नुसते पित्ताशय काढणे ही एक नोंद, त्यासोबत पित्तनलिका उघडणे ही दुसरी. मी ऑपरेशन नोटची प्रत मिळवली, सर्जनचे पत्र जोडले, पुन्हा अर्ज केला. फरक मिळाला, पण आठ महिन्यांनी.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : डिस्चार्ज कार्डावरचा 'के ८०' हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजाराचा कोड आहे. त्याचा अर्थ पित्ताचे खडे. पैसे आजारावर नव्हे, केलेल्या उपचारावर मिळतात. रुग्णालयाचा स्वतःचा बिल-कोड कचेरीत चालत नाही. तेव्हा उपचाराचे पूर्ण नाव लिहून घ्या.

दुसरी : दर पॅकेजचा असतो. खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधे, नेहमीच्या तपासण्या हे सारे त्यात येते. बिलात त्यांच्या वेगळ्या ओळी लावल्या तर ते पैसे कचेरी देत नाही, तुमच्या खिशातून जातात. रुग्णालयातच विचारा.

तिसरी : सीजीएचएसचे नवे दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. तुमच्या उपचाराची तारीख कोणत्या दरपत्रकात बसते आणि तुमच्या पगाराप्रमाणे कोणता वॉर्ड मिळतो, हे पाहा.

चौथी : रुग्णालय पॅनलवर नाही, एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शिवकांत झा खटल्यात स्पष्ट केले. पण तातडीची गरज होती हे डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि रेल्वेच्या दवाखान्याला ताबडतोब कळवा.

टपालातल्या बांधवांनो, तुमच्यापैकी काहींना सीजीएचएस लागू आहे, काहींना १९४४ चे वैद्यकीय उपचार नियम. तुम्ही कशात मोडता हे आजच विचारून ठेवा. आजारपण आल्यावर विचारायला सवड नसते.

यापुढे क्लेम दाखल करण्यापूर्वी बिल, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट घेऊन शाखा कार्यालयात या. दरपत्रक टेबलावर ठेवले आहे. ओळ न् ओळ मिळवून पाहू. हक्काचा पैसा सोडायचा नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!