माज की आजार? घरात नव्यानं आलेल्या मांजरीविषयी



मालेच्या संयोजकांनी मला 'पाळीव प्राण्यांचं आरोग्य' असा ऐसपैस विषय सुचवला होता. मी त्यातला एक कोपरा मागून घेतला, कारण त्या कोपऱ्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही आणि न बोलण्यानं जीव जातात. उन्हाळा लागला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली, वाण्याच्या पोत्यांमागे मांजरीची पिल्लं दिसायला लागतात. आई त्यांना सात घरं फिरवते, आणि त्यातलं एखादं आठव्या घरात, म्हणजे तुमच्या घरात, कायमचं राहतं. चारेक महिने सगळं छान चालतं. मग एक दिवस सोफ्यावरच्या पांढऱ्या चादरीवर पिवळसर डाग दिसतो. पिल्लू खाली चाटत बसलेलं असतं. घरातले एकमेकांकडे बघतात आणि ठरवतात, दोन दिवस वाट बघू.

दवाखान्यात आल्यावरही लोक पटकन सांगत नाहीत. 'जरा सुस्त आहे', 'पोट बिघडलंय बहुतेक' अशी सुरुवात होते आणि मी टेबलावर घेऊन शेपटी वर केली की मग हळू आवाजात 'हो, खालून काहीतरी जातंय'. हा संकोच मी समजू शकते. आपल्याकडे बाईमाणसाच्या अशा तक्रारीसुद्धा वर्षानुवर्षं दडपल्या जातात. मांजरीच्या बाबतीत मात्र वर्षं मिळत नाहीत, काही वेळा चार दिवसही मिळत नाहीत.

अशा पिल्लाचं मी आधी तोंड उघडते. दात बघते. उचलून आणलेल्या पिल्लाचं वय कुणालाच माहीत नसतं, 'तीन महिन्यांचं असेल' हा अंदाज नेहमी कमीच असतो, आणि इथं तर सगळं वयावर ठरतं. मांजरीचे दुधाचे सुळे पडून पक्के सुळे साधारण पाचव्या महिन्यात येतात. सहा-सात महिन्यांत पक्के दात पूर्ण होतात. सुळे अजून दुधाचे असतील, वजन किलो-दीड किलो असेल, तर गर्भाशयात पू होण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. मग मी वेगळीकडे शोधते. जुलाबानं बरबटलेली जागा, लघवीच्या वाटेचा त्रास, मारामारीत झालेली जखम, आणि पावसाळ्यात तर जखमेत पडलेल्या अळ्या. कित्येकदा ती 'ती' नसून 'तो' असतो, हेही तिथंच कळतं. लहान पिल्लांत नर-मादी ओळखायला घरातलेच काय, अनुभवी माणसंही चुकतात. मादीत गुदद्वार आणि त्याखालची उभी फट अगदी जवळजवळ असतात, नरात दोहोंत अंतर जास्त असतं आणि मधे वृषणांचा फुगवटा असतो. काळा, पांढरा आणि नारिंगी असे तिन्ही रंग अंगावर असले, तर मात्र ती जवळजवळ नक्की मादी.

पक्के सुळे आले असतील तर माझा पुढचा प्रश्न असतो, ही ओरडली होती का? आणि इथं मला दर वेळी तीच गोष्ट दिसते. पहिल्यांदाच मांजर पाळणारी माणसं माजाला आजार समजतात आणि आजाराला माज.

मांजर पाचव्या-सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते. तिचा माज दिवसाच्या उजेडाशी बांधलेला असतो. दिवस मोठे होऊ लागले की तो सुरू होतो, आणि घरात मध्यरात्रीपर्यंत दिवे जळत असतील तर बारा महिने चालू राहतो. रात्रभर लांबलचक हेल काढून ओरडणं, फरशीवर लोळणं, पाठीला हात लावला की मागचा भाग वर करून शेपटी बाजूला घेणं आणि मागचे पाय जागच्या जागी चालवणं, हे सगळं आठवडाभर टिकतं. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा. ज्यानं हे कधी पाहिलेलं नाही त्याला वाटतं की पिल्लाच्या पोटात कळा येताहेत. आणि मग घरातला कुणीतरी कनवाळूपणानं तापाच्या गोळीचा तुकडा दुधातून देतो.

इथं मी थांबून सांगते आणि हे कृपया घरी जाऊन दहा जणांना सांगा. पॅरासिटामॉल मांजरीसाठी विष आहे. क्रोसिन, डोलो, कोणत्याही नावानं असो. माणसाचं यकृत ज्या पद्धतीनं हे औषध निकामी करून बाहेर टाकतं ती पद्धत मांजरीत फार दुबळी असते. औषधापासून तयार होणारा विषारी पदार्थ रक्तातल्या लाल पेशींचं प्राणवायू वाहणं बंद पाडतो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजरीलाही मारू शकते. डेटॉलचं पाणीही तसंच. ती जागा डेटॉलनं पुसली की मांजर ती चाटते, आणि ते तिच्या पोटात जातं. पुसायचंच असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पुरे.

आता आजाराकडे येते. माजाच्या काळात मांजरीला कुत्रीसारखा रक्तस्राव होत नाही. थोडा पारदर्शक चिकटपणा असतो, तोही ती चाटून टाकते. म्हणून डाग लाल असो, पिवळा, हिरवट की चॉकलेटी, वास असो वा नसो, तो माजाचा नाही. मांजर स्वतःला इतकं स्वच्छ ठेवते की गर्भाशयात पू भरलेला असतानाही बाहेर थेंब दिसत नाही. तुम्हाला एक डाग दिसला असेल तर तिनं न दिसलेले किती चाटले असतील याचा विचार करा.

गर्भाशयात पू होण्याला आम्ही पायोमेट्रा म्हणतो. माणसांना वाटतं घाणीत बसली, जंतू लागले, इंजेक्शन दिलं की बरी होईल. जंतू असतातच, बहुतेक वेळा आतड्यात एरवीही राहणारा ई. कोलाय. पण त्याला घर करून देतं ते संप्रेरक. मांजरीत बीज सुटतं ते साधारणपणे बोक्याच्या संगानंतर, आणि काही मांजरींमध्ये बोक्याशिवायही. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, गर्भ नसला तरी साधारण चाळीसेक दिवस वाढलेलं राहतं. ते गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींना पाझरायला लावतं, गर्भाशयाचं आकुंचन थांबवतं, मुख घट्ट मिटवतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंद करतं. हे सगळं गर्भासाठी असतं. गर्भ आला नाही आणि माजात वर चढलेले जंतू आत अडकले, तर तीच जागा जंतूंना मिळते. म्हणून हा आजार माजात दिसत नाही, माज संपून काही आठवडे गेल्यावर दिसतो. तोवर घरातले ओरडणं विसरलेले असतात.

आणि म्हणूनच माज थांबवण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची मला फार भीती वाटते. त्या प्रोजेस्टेरॉनसारख्याच औषधाच्या असतात. शेजाऱ्यांची झोप वाचते, पण गर्भाशयात पू होण्याची आणि स्तनांत गाठी येण्याची वाट मोकळी होते. कोणतीही गोळी दिली असेल तर पहिल्या पाच मिनिटांत सांगा. मी रागावणार नाही, मला फक्त वेळ वाचवायचा आहे.

हा आजार मोठ्या वयाच्या मांजरींत जास्त दिसतो हे खरं. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या मांजरींच्या नोंदी अभ्यासल्या तेव्हा तेराव्या वर्षाआधी शंभरातल्या सुमारे २ मांजरींना तो झालेला आढळला. कुत्र्यांमध्ये प्रमाण कितीतरी जास्त आहे. पण वर्षाच्या आतल्या मांजरीलाही तो होतो. शिवाय रस्त्यावरून आलेल्या मांजरीच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते, ती तुमच्याकडे आली तेव्हाच गाभण होती. सात-आठ महिन्यांचं पोरसवदा जनावर गाभण असेल हे मनात येत नाही. गर्भपात होऊन काही आत राहिलं, तर दुर्गंधी, लालसर तपकिरी स्राव येतो आणि ताप चढतो. तो वेगळा आजार, पण तातडी तीच.

एका आजींची मांजर मला आठवते. पार्किंगमध्ये सापडलेली, तिरंगी, बारीक अंगाची. आजींना पिल्लू चार महिन्यांचं वाटत होतं, दात आठ महिन्यांचे होते. खाणं दीड दिवस बंद, पोट मात्र गोल. आजी म्हणाल्या, 'अंगाला लागलंय, बरं दिसतंय.' मी पोटाला हात लावला तो अलगद, कारण अशा वेळी दाबलं तर गर्भाशय आतल्या आत फुटू शकतं. घरी कुणीही दाबून बघू नये. अंग तापलेलं नव्हतं, उलट कान गार पडले होते. मांजरीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आजारी मांजरीचं ते खाली उतरलं, तर मला तापापेक्षा जास्त काळजी वाटते. रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या निघाल्या, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत गढूळ द्रव दिसला. मुख बंद होतं, म्हणून डाग जेमतेम एक पडला होता. आधी सलाईन, प्रतिजैविक, अंगाला ऊब. ती जरा सावरल्यावर भूल दिली. निरोगी मांजरीच्या गर्भाशयाची शिंगं शेवईसारखी बारीक असतात. तिची माझ्या अंगठ्याएवढी जाड झालेली होती आणि पातळ भिंतीतून आतला पिवळा रंग दिसत होता. बीजकोशांसकट ते सगळं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं उकडलेलं चिकन खाल्लं.

आजींनी ऑपरेशनच्या आधी मला दोन गोष्टी विचारल्या होत्या, त्या सगळेच विचारतात. पहिली, 'औषधानं नाही का जमणार?' गर्भाशयाचं मुख उघडं असेल आणि त्या मांजरीपासून पुढं पिल्लं हवीच असतील, तर औषधांनी गर्भाशय रिकामं करता येतं. पण त्याला कडक देखरेख लागते, आणि पुढच्या माजानंतर आजार परतू शकतो. नुसत्या प्रतिजैविकानं चार दिवस बरं वाटतं, तेवढंच. दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून विचारली, 'एकदा तरी पिल्लं व्हायला नकोत का हो? बाईचा जन्म आहे.' यामागची माया मला मनापासून कळते. पण मांजरीला आई न झाल्याची हुरहुर लागत नाही, आणि एक वेत झाल्यानं तिच्या तब्येतीला फायदा होतो याला आधार नाही. फायदा उलट बाजूला आहे. सहा महिन्यांच्या आत गर्भाशय आणि बीजकोश काढले, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी होतो असं अमेरिकेतल्या २००५ सालच्या अभ्यासात दिसलं. मांजरीच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्काच्याच असतात, म्हणून हा आकडा मी गंभीरपणे घेते. पहिल्या माजाची वाट बघू नका. पाचव्या महिन्यापर्यंत ऑपरेशन करून घ्या. निरोगी पिल्लावर केलेलं हे ऑपरेशन आणि पू भरलेल्या मांजरीवर केलेलं, यांत धोक्याचा फरक फार मोठा आहे.

खर्चाचं मी टाळणार नाही. रात्री-अपरात्रीचं तातडीचं ऑपरेशन महाग पडतं आणि ते सगळ्यांना झेपत नाही. परळला १८८६ पासून चालू असलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत. त्यांच्या दवाखान्यांत शिकवणारे अनुभवी शल्यचिकित्सक असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे धर्मादाय रुग्णालय आहे. पिल्लू घरी आणलं त्याच आठवड्यात यांतलं आपल्याला जवळचं कोणतं आणि रात्री कुठलं उघडं असतं, हे फोन करून विचारून ठेवा.

ऑपरेशननंतरचं थोडक्यात सांगते. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर गळ्यातली कॉलर काढू नका, तिनं कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करा. काही महिन्यांनंतर ती पुन्हा माजावर आल्यासारखी वागली, तर बीजकोशाचा तुकडा आत राहिला आहे का ते तपासून घ्या. तसं असेल तर उरलेल्या टोकाशीही पू होऊ शकतो. आणि आजारी, घाबरलेलं रस्त्यावरचं पिल्लू हाताळताना चावलं किंवा बोचकारलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा. घरचंच आहे, लहान आहे, असं म्हणू नका.

शेवटचा मुद्दा तिच्या आईचा. तुमच्या पिल्लाची आई अजून त्याच पार्किंगमध्ये आहे आणि दूध तुटताच, कधी त्याआधीही, ती पुन्हा माजावर येते. गाभणपण साधारण नऊ आठवड्यांचं, म्हणजे वर्षात दोन-तीन वेतं सहज. तिला पकडायला दार आपोआप पडणारा पिंजरा लागतो, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था तो देतात. आदल्या रात्री सोसायटीतल्या सगळ्यांना खाणं ठेवू नका म्हणून सांगा, नाहीतर ती पिंजऱ्याकडे फिरकणारच नाही. सकाळी पिंजऱ्यात सुकट ठेवा, वास लांब जातो. पकडली की पिंजऱ्यावर जाड चादर टाका, अंधार झाला की ती शांत होते. ती पिल्लांना पाजत असेल तर आधी पिल्लं कुठं आहेत ते शोधा. ऑपरेशन करताना भुलीतच कानाचं टोक किंचित कापायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी तिला कुणी पुन्हा पकडून फुकट भूल देणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेते. चिठ्ठीवर लिहून दिलेत तरी चालेल, सगळं वाचून उत्तर देईन.