लाँचपॅडचे आणखी एक काम
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या मित्रमैत्रिणींनो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘आपली शाळा, आपले लाँचपॅड’ असे छापले आहे. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे या शब्दावर दोन मिनिटे बोलायचा मोह आवरत नाही.

श्रीहरिकोटा बंगालच्या उपसागराच्या काठी आहे. तिथून यान पूर्वेकडे सोडले, की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो आणि सुटे होणारे भाग समुद्रात पडतात. म्हणजे जागासुद्धा यानाला हात देते. तिथून उडणाऱ्या पीएसएलव्हीच्या मोटारींची आवरणे भीमेपलीकडच्या वालचंदनगरला बनतात. आपल्याला ते गाव साखरेमुळेच ठाऊक होते!

पण लाँचपॅडवर आणखी एक काम चालते, थांबवण्याचे. शेवटच्या मिनिटांत ताबा संगणकाकडे असतो. एखादा आकडा खटकला, की तो उलटी मोजणी थांबवतो. २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयान मोहिमेचे एक चाचणी-उड्डाण ५ सेकंदांवर असे थांबले. कारण शोधले आणि त्याच सकाळी १० वाजता ते झाले. चांद्रयान-२ तर १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटे आधी थांबवले होते. इंधन काढले, दोष दुरुस्त केला, पुन्हा इंधन भरले; २२ जुलैला ते उडाले. थांबलेल्या यानाला कोणी नापास म्हटले नाही. माणसे पुन्हा त्याच्याजवळ गेली.

आपल्या वर्गातल्या किती मुली दहावीनंतर थांबल्या, ते आपल्याला माहीत आहे. मार्क कमी नव्हते. कॉलेज लांब, एसटी एकच, वसतिगृहाला पैसे नाहीत आणि घरी स्थळ आलेले. त्यांच्याजवळ पुन्हा कोणी गेले नाही. माझ्या घरी मात्र बाई दोनदा आल्या. दादांना म्हणाल्या, “पोरीला नगरला ठेवा, फीचं बघू आपण.” म्हणून मी इंजिनिअर झाले.

शाळेच्या कमानीसाठी आपण वर्गणी काढतो आहोत. माझी विनंती आहे, कमान साधी करू. उरलेल्या पैशांतून दरवर्षी दोन मुलींचा वसतिगृहाचा खर्च उचलू. दाखला नेला पण पुढे प्रवेश घेतला नाही, अशा मुलींची नावे शाळेने जुलैमध्ये आपल्याला कळवावीत. गावात राहणाऱ्यांनी त्यांच्या घरी जावे; बाहेर असलेल्यांनी पैसे द्यावेत. माझा वाटा मी आजच देते.

बाई, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून एवढे बोलायचे धाडस झाले.