गांजाला परवाना द्यावा काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या परिसंवादातील भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा आमच्या गल्लीतील एक वडीलधाऱ्या काकू मला म्हणाल्या, "वर्धापनदिनाला हा काय विषय काढलाव माय! लोणची-पापड, बालसंगोपन हे सगळं संपलं का?" ते विषय संपलेले नाहीत. परंतु गांजाची पुडी आता माहूरच्या वाटेवरल्या एखाद्या गोसाव्याच्या झोळीतच राहिली आहे असे नाही. ती कॉलेजात जाणाऱ्या लेकरांच्या दप्तरापर्यंत येऊन पोचली आहे. आंध्र आणि ओरिसाच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातून तो माल तेलंगणमार्गे महाराष्ट्रात येतो, आणि तेलंगणकडून येणारा देगलूर-नांदेड रस्ता आपल्या नायगावातूनच जातो. तेव्हा हा विषय बालसंगोपनाचाच आहे, असे मी त्या काकूंना सांगितले. त्या आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत.

प्रस्ताव असा आहे की, सरकारने गांजा कायदेशीर करावा, परवान्याच्या दुकानांतून विकावा आणि त्यावर कर बसवावा. माझ्याआधी बोललेल्या भगिनी कायद्याच्या अभ्यासक आहेत. त्यांनी प्रस्तावाची बाजू फार चांगली मांडली आणि त्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की, प्रस्तावात दोन निराळे प्रश्न एकाच दाव्याला बांधले आहेत. ओढणाऱ्याला तुरुंगात घालावे काय, हा एक. सरकारने दुकान मांडून त्यावर मिळकत करावी काय, हा दुसरा. पहिल्याला "नको" म्हटले की दुसऱ्याला आपोआप "हो" म्हणावे लागते, असे मुळीच नाही.

थोडा इतिहास पाहू. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने ती भांग, मादीझाडाचे फुलोरे तो गांजा, आणि चीक तो चरस. आपल्यापैकी ज्या काशीयात्रेला गेल्या त्यांनी तेथे सरकारी भांगेच्या दुकानाची पाटी पाहिली असेल, आणि पाहून तोंडाला पदरही लावला असेल. १८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात केन नावाच्या एका दारूबंदीवाल्या सभासदाने हिंदुस्थानातील गांजाविषयी प्रश्न काढला. त्यावरून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन नेमले गेले. सातांत तीन हिंदी होते. त्यांनी गावोगाव फिरून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली भले मोठे बाड सरकारला सादर केले. निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्यास फारशी इजा नाही, अतिरेक मात्र वाईट. समूळ बंदी करू नये, परवाना द्यावा, कर वाढवावा आणि त्या योगे खप आटोक्यात ठेवावा.

म्हणजे आजचा प्रस्ताव नवा नाही, सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्या बाडात साक्षीदारांची वर्गवारी आहे: अंमलदार, डॉक्टर, मिशनरी, शेतकरी, व्यापारी. चूल सांभाळणारी असा वर्ग त्यात नाही. ती उणीव आज नायगावात आपण भरून काढीत आहोत असे समजा.

इंग्रजांनी तो सल्ला मानला. बंगालात राजशाही जिल्ह्यात नौगाव म्हणून ठिकाण होते (नाव आपल्या गावच्या नावाजवळचे म्हणून माझ्या लक्षात राहिले). तेथे १९१७ साली गांजा पिकवणाऱ्यांची चक्क सहकारी सोसायटी निघाली, आणि तिच्या नफ्यातून शाळा आणि दवाखाने चालत. आज ते गाव बांगलादेशात आहे. पुढे १९६१ साली राष्ट्राराष्ट्रांत मादक द्रव्यांविषयी करार झाला. त्यात गांजाचा वापर बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती सरत आली तेव्हा आपल्या संसदेने कायदा केला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. बालदिनाचा मुहूर्त कोणी मुद्दाम साधला की तसाच साधला गेला, कोण जाणे! त्या कायद्यातून भांगेची पाने वगळली आहेत. तथापि महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात परवान्यावाचून भांगेलाही मुभा नाही.

आता शिक्षेचे पाहा. एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोच्या पुढे दहा ते वीस वर्षे. मधल्यांना दहापर्यंत. तुरीच्या किंवा कापसाच्या ओळीत चार झाडे लावली तरी दहा वर्षांपर्यंत जाऊ शकतात. मोठ्या व्यापाऱ्याला ही शिक्षा असावी, याबद्दल माझा वाद नाही.

परंतु आमच्या ओळखीतल्या एका घरची हकीकत सांगते. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. एकोणीस वर्षांचे पोर, बापाचे छत्र नाही. एके दिवशी त्याची आई माझ्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, लेकराच्या खिशात पुडी सापडली म्हणतेत. नेलं त्याला." पुडी ती केवढी, चिमूटभराची. जामीन त्याच दिवशी झाला. पण वकील, तारखा, जाण्यायेण्याचे भाडे यांत त्या माऊलीची दुभती म्हैस गेली. पोराने कॉलेज सोडले, कारण तोंड दाखवायला लाज वाटू लागली. ओढणे मात्र सुटले नाही. उलट घरी बसून वाढले. याच कायद्यात ६४ अ असे कलम आहे. व्यसनी माणूस थोड्या मालासह सापडला आणि स्वखुशीने सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरील खटल्यातून त्याला सूट मिळते. हे त्या माऊलीला कोणी सांगितले नाही. म्हशीच्या पैशात पोरगे बरे झाले असते.

म्हणून पहिल्या प्रश्नावर मी प्रस्तावाच्या बाजूची आहे. ओढणाऱ्या लेकराला कोर्टाच्या पायरीवर उभे करून कोणाचे भले होत नाही. गांजा निरुपद्रवी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. कोवळ्या वयात धरला आणि रोज ओढला तर डोके भ्रमण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर मंडळी सांगतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणे देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख, आणि त्यांपैकी ज्यांना मदतीची गरज आहे असे ७२ लाख. दारू पिणारे १६ कोटी, आणि मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाख. पुरुषांत शंभरात २७ पितात, बायकांत दोघीसुद्धा नाहीत. पिणारे कोण आणि निस्तरणारे कोण, हे या आकड्यांतून निराळे सांगायला नको.

दारूचे नाव निघाले म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे येते. गांजाला परवाना दिल्यावर काय होईल हे जाणण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. परवान्याची नशा आपल्या दारात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. निजामी अमलात अबकारी हे दौलतीच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होते. पुढे आपण महाराष्ट्रात आलो. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे, आणि गंमत अशी की दारूच्या दुकानाचे परवाने त्याच दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतात! २०२५ च्या जूनमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. सगळी वाढ धरून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा येतील असा अंदाज सांगितला गेला. त्याआधी वर्षभर, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून, लाडक्या बहिणीला महिना १५०० रुपये सुरू झाले होते. ते पैसे आपल्यापैकी अनेकींच्या उपयोगी पडले आहेत, त्यांना मी नावे ठेवीत नाही. पण बहिणीला द्यायचे पैसे भाऊजींच्या बाटलीतून गोळा होऊ लागले, तर ती बाटली बंद व्हावी असे तिजोरीला कधी वाटेल?

कर बसवला की खप कमी होईल, असे १८९४ चे कमिशन म्हणाले होते. कागदावर ते खरे आहे. परंतु ज्याला करातून मिळते त्याला खप कमी झालेला परवडत नाही, हे कमिशनने मनावर घेतले नाही. चंद्रपूरचे उदाहरण घ्या. २०१० साली श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्याबरोबर त्या जिल्ह्यातील बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी चालत गेल्या. २०१५ साली दारूबंदी झाली. २०२१ साली उठली. उठवताना चोरटी दारू वाढल्याचे कारण दिले गेले आणि ते खोटे नव्हते. पण बुडालेल्या महसुलाचा हिशेबही त्याच्या शेजारीच मांडलेला होता.

आणि आपल्या हातचे म्हणाल तर "आडवी बाटली". गावातील दुकान बंद करायचे तर २००८ सालच्या नियमाप्रमाणे आधी पंचवीस टक्के बायांनी सह्या करायच्या, मग मतदान, आणि यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीच्या! जी ऊसतोडीला गेली आहे, जी बाळंतपणाला माहेरी गेली आहे, जी नवऱ्याच्या धाकाने घरी बसली आहे, ती प्रत्येक जण दुकानाच्या बाजूने मोजली जाते. दुकान उघडताना मात्र कोणत्याही बाईला निम्म्याने मते मागण्यासाठी बोलावत नाहीत.

प्रस्तावाच्या बाजूने असे म्हटले गेले की, कायदेशीर माल शुद्ध मिळेल. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तेव्हा चोरट्या मालाचे भय मला कळते. पण आपल्या बिलोली-देगलूरच्या पलीकडचीच गोष्ट ऐका. तेलंगणात शिंदीची दुकाने परवान्याची आहेत. त्या शिंदीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची पूड मिसळत. २०१५ साली सरकारने भेसळीवर बडगा उगारला आणि तसली शिंदी मिळेनाशी झाली, तेव्हा निजामाबादकडे माणसे वेड्यासारखी वागू लागली आणि दवाखाने भरले. वर्षानुवर्षे आपण शिंदीच पितो असे त्यांना वाटत होते. परवान्याचा कागद भिंतीवर टांगलेला होता, पेल्यात काय होते ते कोणी पाहिले नव्हते.

परदेशचे थोडक्यात सांगते. कॅनडात २०१८ पासून गांजा दुकानात मिळतो. थायलंडने २०२२ च्या जूनमध्ये बंधन उठवले. हजारो दुकाने निघाली. आणि २०२५ च्या जूनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विक्री नको, असे त्याच देशाला म्हणावे लागले. आपल्याकडे हिमाचलच्या विधानसभेने २०२४ साली औषधासाठी आणि धाग्यासाठी नियंत्रित लागवडीचा अहवाल मान्य केला. औषधाला माझी हरकत नाही. अफूपासूनही औषध होतेच.

"मग बंदी तरी कुठे चालते?" हा प्रश्न मला विचारला जाणार, आणि तो रास्त आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि गुटख्याची पुडी कोठे मिळते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बंदी आपोआप चालत नाही. पण शिक्षा काढून टाकणेही आपोआप चालत नाही. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरते बाळगणाऱ्याची कैद काढली. त्याला कोर्टाऐवजी समुपदेशक आणि डॉक्टर यांच्यापुढे नेण्याची सोय केली आणि उपचाराची व्यवस्थाही वाढवली. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२० साली मतदान घेऊन कैद काढली, उपचाराची जागा मात्र वेळेवर उभी राहिली नाही, आणि २०२४ साली कैद परत आणली. म्हणजे आधी दवाखाना, मग दया. हा क्रम उलटा झाला की लोक दयेलाच दोष देतात.

अध्यक्षीणबाईंनी घंटेकडे हात नेला आहे, म्हणून आवरते घेते. मूळ प्रस्तावाला मी अशी दुरुस्ती सुचवते. "कर बसवावा" हे शब्द गाळावेत. "थोड्या मालासह सापडलेल्या व्यसनी माणसास प्रथम उपचाराकडे पाठवावे; कलम ६४ अ ची माहिती त्याच्या घरच्यांस पहिल्याच दिवशी लेखी मिळावी; व्यसनमुक्तीचा डॉक्टर नायगावच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी बसावा," हे शब्द घालावेत. आणि शेवटी असे जोडावे की, कोणत्याही नशेचे नवे दुकान, मग ते बाटलीचे असो की चिलमीचे, उघडण्यापूर्वी त्या गावच्या यादीतील निम्म्याहून अधिक बायांचा होकार असल्यावाचून परवाना देऊ नये. बंद करण्याला जी अट, तीच उघडण्याला.

मत हात वर करून घ्यायचे आहे असे समजते. माझी विनंती आहे की ते चिठ्ठीने घ्यावे. बाहेर ओट्यावर बरेच भाऊजी ऐकत उभे आहेत.