पाटणची वाट आणि पितळखोरे

खानदेशच्या दक्षिण सीमेवर सातमाळ्याचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. चाळीसगावाच्या दक्षिणेस अठरा किलोमीटरांवर ह्या भिंतीत एक खोल दरी शिरली आहे. तिच्या तोंडाशी पूर्वी पाटण नावाचे नांदते गाव होते. गाव उठले, घरे गेली, बाजार गेला. चंडिका देवी मात्र राहिली, आणि म्हणून आज त्या जागेस सारे लोक पाटणादेवी ह्या नावाने ओळखतात. त्याच डोंगराच्या माथ्याखाली, कड्याच्या पोटात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. खाली पाटण, वर पितळखोरे. दोहोंमधील सरळ अंतर दीड-दोन कोसांच्या आतले. पण त्या अंतरावर मोटार चालत नाही, बैलगाडी चालत नाही, घोडेही बेतानेच चालेल. चालतो तो फक्त माणूस. आजच्या भाषणाचा विषय ही पायवाट होय.

ज्याला पायी जाणे शक्य नाही, त्याला केवढा वळसा पडतो हे प्रथम ध्यानात घ्यावे. पाटणादेवीच्या पायथ्याशी उभे राहून वर बोट केले तर लेण्यांचा डोंगर दिसतो. परंतु गाडीने तेथे पोहोचायचे म्हणजे आधी चाळीसगावच्या बाजूस माघारी वळायचे, मग कन्नडच्या घाटाने डोंगर चढून पठारावर यायचे, तेथून कालीमठाच्या बाजूने पुन्हा कड्याच्या काठाशी जायचे आणि शेवटी पायऱ्यांनी दरीत उतरायचे. म्हणजे गाडी करूनही पायांची सुटका नाहीच. शिवाय जिल्हा बदलतो. पाटण जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात. पितळखोरे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात.

ही वाट येथेच का पडली, ह्याचे उत्तर खानदेशच्या घडणीत आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी ह्या प्रांताची रचना. माळव्यातून गोदावरीकडे जाणाऱ्याला दोन्ही डोंगर ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही, आणि डोंगर ओलांडायचा म्हणजे पाण्याने कोरून ठेवलेली फट शोधायची. पाली वाङ्मयातील सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या आचार्याचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीस निघतात. त्यांच्या मार्गातील गावे तेथे क्रमाने सांगितली आहेत. प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, हे पहिले, मग नर्मदाकाठची माहिष्मती, मग उज्जयिनी. पैठण आणि माहिष्मती ह्यांच्या दरम्यान हा सातमाळा आडवा पडतो. ते शिष्य नेमक्या ह्याच दरीतून उतरले असे कोणी म्हणू नये. तितका पुरावा नाही. पण ह्या डोंगरातील ज्या थोड्या वाटा अशा प्रवासाला उपयोगी होत्या, त्यांत पाटणची वाट होती असे मानण्यास पितळखोऱ्याच्या खांबांवरच आधार सापडतो.

तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांतील एक मितदेव, गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. दुसरे संघकाचे पुत्र. दोघांचेही गाव पैठण. अन्य एका ठिकाणी राजवैद्य मगिल ह्याच्या कुटुंबाचे दान नोंदले आहे. भिक्षूंना एकांत हवा असतो हे खरे, पण भिक्षूंना भिक्षाही हवी असते. म्हणून त्यांची लेणी वाटेवर नसतात आणि वाटेपासून फार दूरही नसतात. अत्तरांचा व्यापारी ज्या रानातून मुद्दाम जाण्याचे कारण नाही, त्या रानात तो खांब कोरण्यास द्रव्य देत नाही. तो येथून जात असला पाहिजे.

ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास आरंभ झाला. विहाराच्या जोत्यावर हत्तींची ओळ आहे, दाराशी शस्त्रधारी द्वारपाल आहेत, आणि दारातून आत गेल्यावर खडकातूनच कोरलेला, वरून झाकलेला जिना वर विहारात जातो. दरवाजाच्या शेजारी पाच फणांचा नाग कोरला असून त्यातून पाणी वाहून जावे अशी योजना आहे. पावसाळ्यात ह्या दरीत काय गर्जना चालते ते पाहणाऱ्याला ह्या नागाचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्यांनी जिना झाकला आणि पाण्याला वाट दिली, त्यांनी चढणाऱ्या माणसाच्या पायांचा विचार केला होता. सन १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने येथील दगडमाती उपसली, तेव्हा गाडली गेलेली पुष्कळ शिल्पे उजेडात आली. त्यांत यक्षाची एक हसरी मूर्ती होती. ती कन्हदास नावाच्या सोनाराने घडविली असे तिच्या हातावरच लिहिले आहे. ज्याचा धंदा सोन्याचा, त्याने काळा दगड हाती घेतला! ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

वरची ही वसती इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत नांदती राहिली. त्या काळची रंगीत चित्रे भिंतींवर अंधुक उरली आहेत. खालचे पाटण भरभराटीला आले ते पुष्कळ नंतर, निकुंभ घराण्याच्या अमलात. म्हणजे दोन्ही वसती एकाच वेळी गजबजलेल्या होत्या असे नव्हे. एक विझल्यावर काही शतकांनी दुसरी उजळली. दोहोंना जोडणारा दुवा राजाही नव्हे आणि धर्मही नव्हे, दुवा वाटेचाच.

पाटणच्या महादेवाच्या देवळातील लेख शके १०७५ चा, म्हणजे सन ११५३ चा आहे. देऊळ निकुंभ राजा इंद्रराज ह्याच्या कारकिर्दीतले. त्याहून प्रसिद्ध लेख भवानीच्या, म्हणजे चंडिकेच्या देवळातला. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो सन १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. यादव राजा सिंघण ह्याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी व इतर ग्रंथ शिकविण्यासाठी पाटण येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ सोइदेव व हेमाडिदेव ह्या बंधूंनी त्यास देणग्या दिल्या. लेख शके ११२८ चा आहे. (हा चांगदेव तापीकाठचा योगी चांगदेव नव्हे, खानदेशात ही गल्लत वारंवार होते.)

वाटेच्या दृष्टीने ह्या लेखाची मौज त्याच्या शेवटच्या ओळींत आहे. आरंभीचे संस्कृत तेथे संपते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण तेथे बाजाराचा हिशोब आहे आणि बाजार संस्कृतात चालत नाही. पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्याच्या खरेदी-विक्रीवर मठाचा हक्क, तेलाच्या जेवढ्या घाण्या चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल, ग्राहकाकडून सुपाऱ्या. तेल खानदेशचे असेल. पण पोफळ काही खानदेशात होत नाही. ती कोकणपट्टीची. सातमाळ्याच्या कुशीतल्या गावात मठाचा हक्क सुपारीत मोजला जातो, ह्याचा अर्थ सुपारीच्या गोण्या तेथे नियमाने येत होत्या. विद्यार्थ्यांच्या दिव्यात जळणारे तेल आणि त्यांच्या गणिताचा योगक्षेम ह्या दोहोंचा भार बैलांच्या आणि तांड्यांच्या पाठीवर होता.

मग गाव उठले. ते एका दिवसात उठले नसणार. डोंगराच्या ह्या पट्ट्यात भिल्लांचा आणि कंपनी सरकारचा संघर्ष दीर्घकाळ चालला. सन १८२५ मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली, आणि चाळीसगाव-कन्नड घाटाला आजही लोक औट्रम घाट म्हणतात. चाकांची वाहतूक त्या घाटाने गेली. आगगाडी चाळीसगावी आली, आणि सन १९०० मध्ये चाळीसगावाहून धुळ्यास फाटा निघाला. व्यापाराने दरीकडे पाठ फिरविली. त्यात राजकीय सीमेची भर पडली. खाली इंग्रजी मुलूख, वर कन्नड तालुका निजामाच्या राज्यात. सन १९४८ पर्यंत पाटण आणि पितळखोरे ही दोन वेगळ्या सरकारांच्या हद्दीतली ठिकाणे होती. सन १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि सन १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. सरकारे एक झाली, पण दरम्यान ज्या वाटेवरून जाण्याचे कामच उरले नव्हते, ती कोणाच्याच हिशोबात राहिली नाही.

आज ह्या वाटेने जाणारे तीन प्रकारचे लोक आढळतात. नवरात्रात देवीला येणारी मंडळी बहुधा देवळापाशीच थांबतात. गुराखी आणि रानातला माणूस जाणतो सारे, पण सांगत नाही काही, कारण त्याला विचारतो कोण? तिसरे म्हणजे पाठीवर पिशवी टाकून डोंगर चढणारे तरुण. वाटेचे आरंभीचे रान सपाट आहे. महादेवाच्या देवळापर्यंत म्हातारा माणूसही काठी टेकीत जाऊ शकतो. पुढे कन्हेरगडाचा डोंगर, त्यातली नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही कोरीव जैन लेणी. त्यानंतर दरी अरुंद होते आणि वाट अशी राहत नाही; ओढ्याचे पात्र हीच वाट. धोंड्यावरून धोंड्यावर पाय टाकीत, साग, पळस आणि धावडा ह्यांच्या रानातून वर सरकावे लागते. शेवटचा चढ खडा आहे.

येथे खडक म्हणजे काळा पाषाण खरा, पण त्याचे थर कच्चे. पितळखोऱ्याचीच दर्शनी भिंत पुष्कळ ठिकाणी ढासळली आहे. पावसाळ्यात तर ह्या दरीवर विश्वास टाकू नये. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी रात्रीच्या पावसाने कन्नडच्या घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि बांधलेला राजमार्ग बंद पडला; त्याच वेळी डोंगरी आणि तितूर ह्या नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी शिरले. पाटणच्या बाजूच्या डोंगरांचे पाणी असे वाहते. आटोपशीर दिसणारा ओढा कोणत्या घटकेस माणसाला अडवील ह्याचा नेम नसतो.

तेव्हा वाट सुधारावी म्हणजे काय करावे? पाटणपासून लेण्यांपर्यंत पक्का रस्ता काढावा, ही सूचना अशा वेळी कोणी ना कोणी करतोच. ती मान्य करण्याजोगी नाही. सन १९८६ मध्ये गौताळा-औट्रम घाट अभयारण्य जाहीर झाले. सुमारे २६० चौरस किलोमीटरांच्या त्या रानात बिबट्या राहतो, अस्वल राहते. आधीच ढासळणाऱ्या कड्याखाली सुरुंग लावून रस्ता केला तर ज्यासाठी रस्ता करायचा ते लेणेच पडेल. पण रस्ता नको म्हणजे काहीच नको, असा आळशी निष्कर्षही काढू नये. जेथे वाट फुटते तेथे दगडी खूण. जेथे पाय घसरतो तेथे त्याच डोंगराच्या दगडाच्या चार पायऱ्या. ओढा ओलांडण्याच्या जागी पाय रोवून ठेवता येईल असे दगड. आणि डोंगराखालच्या वस्त्यांतील माणूस योग्य मोबदल्यावर वाटाड्या म्हणून. एवढ्याला मोठा खजिना लागत नाही. अडचण खजिन्याची नसून मालकीची आहे. रान वनखात्याचे, लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची, आणि वरचे टोक एका जिल्ह्यात, खालचे दुसऱ्यात. दोन्ही टोकांना धनी आहेत. मधल्या अंतरासाठी ह्या सर्वांनी एकत्र बसले पाहिजे.

ज्याचे पाय चालत नाहीत त्याचाही विचार हवा. त्याला पितळखोऱ्यापर्यंत नेऊ असे आश्वासन देणे अप्रामाणिकपणाचे होईल. वरूनही पायऱ्या आहेत, खालूनही चढ आहे. पण महादेवाचे देऊळ सपाटीवर आहे. तेथपर्यंतची वाट चाकाच्या खुर्चीला चालेल अशी करणे अवघड नाही. तेथेच पितळखोऱ्यातील दानलेखांचे आणि चांगदेवाच्या लेखाचे ठसे, मराठी अर्थासह, पाहण्याच्या उंचीवर मांडता येतील. कन्हदासाच्या यक्षाची प्रतिकृतीही तेथे शोभेल. मूळ मूर्ती दिल्लीस असल्याने वर चढून गेलेल्यालाही ती तेथे भेटत नाहीच.

जाणाऱ्याने वेळ निवडावी ती नवरात्रानंतरची, ओढे आटोक्यात आल्यावर. माघ संपेपर्यंत हवा ठीक असते. फाल्गुनानंतर उन्हे चढतात आणि पाण्याची ठिकाणे एकेक करून कोरडी पडतात. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी, एकट्याने जाऊ नये, पाणी खालूनच भरून घ्यावे आणि उजाडताच निघावे. परतताना दरीत सावली लवकर उतरते. पठारावर ऊन असते तेव्हा खाली दगड दिसेनासे होऊ लागतात.