गोचीडतापाचे औषध आणि त्याची परीक्षा



कोरडवाहू घरात कापूस विकेपर्यंत रोख पैसा दुधाचाच. कर्ज काढून आणलेली संकरित गाय आठ-दहा दिवसांच्या तापाने जाते, हप्ते मात्र राहतात. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप हटत नाही, पापणी आतून पांढरी पडते. हा थायलेरिया, गोचिडांनी रक्तात सोडलेला परजीवी. आपल्या देवणी आणि लाल कंधारीला तो सहसा लोळवत नाही, होल्स्टिनला लोळवतो.

त्यावर मुख्य भिस्त एकाच औषधावर आहे, ब्युपारवाकोन. ५ टक्क्यांचे द्रावण, २० किलो वजनाला १ मिलि. म्हणजे ३०० किलोच्या गायीला १५ मिलि. महाग पडते म्हणून कोणी पाच-सातवर भागवतो. अर्धवट मात्रेतून तगलेला परजीवी मग गोचीड दुसऱ्या गोठ्यात नेतात. ट्युनिशियात या औषधाला दाद न देणारा थायलेरिया २०१० साली नोंदला गेला. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. बीटीचे जे झाले, ते या सुईचेही होऊ शकते.

म्हणून नवी संयुगे तपासावी लागतात. प्रयोगशाळेत परजीवी शिरलेल्या पांढऱ्या पेशी वाढवून त्यांवर संयुगाच्या कमी-जास्त मात्रा सोडतात. शेजारी निरोगी पेशी असतात. त्याही मेल्या तर संयुग बाद. बहुतेक इथेच गळतात. उरलेले गायीपर्यंत येते, तेव्हा आपला प्रश्न सुरू होतो: दूध किती दिवस फेकायचे? त्याची भरपाई कोण देणार? डायक्लोफेनॅक गायीला मानवले होते. मेलेली जनावरे खाऊन गिधाडे संपत आली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठीचे त्याचे उत्पादन थांबवावे लागले. गिधाडांचा विचार परीक्षेत कोणी धरलाच नव्हता!

आमचे म्हणणे एवढेच की उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय असताना या चाचण्या लातूर-नांदेडच्या गोचिडांतल्या परजीवीवर व्हाव्यात, आणि रक्त तपासायची सोय तालुक्याच्या दवाखान्यात असावी.

तोवर सुई टोचू देण्याआधी कानाच्या शिरेतला थेंब काचेवर घ्यायला लावा. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर तो बहुधा बबेसिया. त्याचे औषध वेगळे आहे, ब्युपारवाकोनचे पैसे त्यात वाया जातात.