बाप्तिस्म्याची चांदी

राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडच्या उमराव घराण्यात मूल जन्मलं, की बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपित्याकडून चांदी यायची. कान असलेला छोटा पेला, पेटीत बसवलेला सुरी-काटा-चमच्याचा संच, नाहीतर घुंगरांचा खुळखुळा. खुळखुळ्याच्या टोकाला पोवळं असे. दात येताना बाळ ते चावे, आणि पोवळ्यानं दृष्ट टळते अशी जुनी समजूतही होती.

पेल्यावर बाळाची आद्याक्षरं, तारीख, कधी घराण्याचं मानचिन्ह कोरत. पण मला सर्वांत गोडी वाटते त्यावरच्या बारीक शिक्क्यांची! चालता सिंह म्हणजे हजारात किमान 925 भाग शुद्ध चांदी. नांगर दिसला तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचं मुंडकं दिसलं तर सहसा लंडनची. एक अक्षर वर्ष सांगतं. 1890 पर्यंत राणीचा चेहराही उमटवत. ती कर भरल्याची खूण. कोरलेलं नाव घासून पुसट झालं, तरी पेल्याचं वय असं आजही वाचता येतं.

राजघराण्याचा थाट वेगळाच. 1842 साली युवराजाचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, बाप्तिस्मा विंडसरला झाला. प्रशियाचे राजे चौथे फ्रेडरिक विल्यम धर्मपिता होते. त्यांनी भेट दिलेली चांदीची भव्य ढाल घडायलाच पुढची काही वर्षं लागली.

त्याआधीच, 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्यानं स्वस्त धातूवर चांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं होतं. उमरावांच्या पाळण्यापाशी दिसणारी चकाकी मग मध्यमवर्गीय घरांतही पोहोचली.